चाकूचा घाव भरला, पडद्यातलं भोक राहिलं

पत्र: माझा धाकटा भाऊ, वय २७, गावातलं भांडण सोडवायला गेला आणि त्याच्याच छातीत चाकू लागला. रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी छातीचं हाड कापून ऑपरेशन झालं. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची जखम शिवली, जीव वाचला. नवव्या दिवशी घरी आला. तिसऱ्या आठवड्यात दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना छातीत आवाज ऐकू आला. इकोच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: मिड मस्क्युलर व्हीएसडी (दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधल्या, स्नायूच्या भागातलं भोक) ९ मिमी, डावीकडून उजवीकडे गळती, पीक ग्रेडियंट ८४, डावा खालचा कप्पा ५७ मिमी, ईएफ (एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ५५ टक्के. आता पाच आठवडे झाले. जिना चढला की धाप लागते. एक डॉक्टर म्हणतात पुन्हा छाती उघडावी लागेल. दुसरे म्हणतात छाती न उघडता, नळीतून नेऊन भोकावर बटन बसेल, पण इतक्यात नको. मामा म्हणतात, लहान मुलांची भोकं आपोआप बुजतात, तसं हेही बुजेल. पहिल्या डॉक्टरांनी आतलं भोक तसंच का ठेवलं? आणि आता कोणाचं ऐकायचं?
– एक बहीण, सोलापूर जिल्हा

ताई, दोन डॉक्टरांमधला कोण खरा हे ठरवायची घाई करू नका. बटन की ऑपरेशन हे ठरवायला जे तीन आकडे लागतात, त्यातला एकही तुमच्या पत्रात नाही. भोकाचा खरा आकार, भोकापासून झडपांचं अंतर, आणि किती रक्त चुकीच्या वाटेनं जातंय, हे ते तीन आकडे. ते हातात आले की दोन्ही डॉक्टर बहुधा एकच बोलतील.

आधी पहिल्या डॉक्टरांचं. त्या रात्री भोक दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी ते बंद करायची ती वेळ नव्हती. हृदयाचा उजवा खालचा कप्पा छातीच्या हाडाच्या बरोबर मागे, सगळ्यात पुढे असतो, म्हणून समोरून आलेला चाकू बहुतेक वेळा आधी त्यालाच लागतो. चाकू आणखी आत गेला तर पुढचा थर म्हणजे दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा. बाहेरची जखम धडधडत्या हृदयावर, बोटानं दाबून धरून शिवता येते. फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन यांनी १८९६ साली पहिल्यांदा ती यशस्वीपणे शिवली, तीही उजव्याच खालच्या कप्प्याची. पण पडद्याला टाका घालायचा तर हृदय थांबवून उघडावं लागतं, त्यासाठी हार्ट-लंग मशीन लागतं, आणि त्या मशीनच्या साहाय्यानं हृदयाच्या आतलं पहिलं यशस्वी ऑपरेशन व्हायला १९५३ साल उजाडलं. ही दोन ऑपरेशनं इतकी वेगळी आहेत. शिवाय मशीनवर घ्यायचं तर रक्त पूर्ण पातळ करावं लागतं, आणि ज्याच्या अंगातलं रक्त आधीच वाहून गेलंय त्याच्यावर रात्री दोन वाजता ते करणं म्हणजे आगीत तेल.

आवाज उशिरा का आला, यालाही कारण आहे. बीपी पडलेलं असतं तेव्हा दोन कप्प्यांमधल्या दाबाचा फरक कमी असतो, त्यामुळे गळतीही कमी आणि आवाजही कमी. पडद्याच्या चिरेच्या कडा सुजलेल्या असतात, मध्ये रक्ताची गुठळी बसलेली असते. आठ-दहा दिवसांत सूज उतरते, गुठळी निघून जाते, मेलेला स्नायू आक्रसतो, आणि मग भोक खरं उघडतं. म्हणूनच चाकू हृदयापर्यंत गेलेल्या प्रत्येक रुग्णाचा इको घरी सोडण्यापूर्वी, आणि पुन्हा काही आठवड्यांनी व्हायला हवा. पहिल्या वेळचा ‘नॉर्मल’ हा शेवटचा निकाल नसतो.

आता मामांचं. बाळाच्या पडद्यातलं भोक बुजतं, कारण बाळाचं हृदय वाढत असतं आणि आजूबाजूचा स्नायू भोकावर चढतो. तुमच्या भावाचं हृदय वाढायचं थांबून वर्षं झाली. चाकूची अगदी बारीक चीर कधीकधी जखमेच्या व्रणानं ओढून बंद होते, आणि डावा कप्पा फुगलेला नसेल, धाप नसेल, तर तिच्याकडे नुसतं लक्ष ठेवतात. पण ९ मिमीचं भोक, वर धाप, हे त्या गटात बसत नाही. मामांना सांगा, आशा ठेवायला हरकत नाही, अपॉइंटमेंट मात्र रद्द करायची नाही.

तुमचा रिपोर्ट जवळून वाचू. ग्रेडियंट ८४ म्हणजे डाव्या आणि उजव्या खालच्या कप्प्याच्या दाबात पाऱ्याच्या ८४ मिलिमीटरचा फरक, बीपी मोजतात त्याच मापात. इकोवर रक्ताच्या झोताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारनं गुणतात. इथे वेग सेकंदाला साधारण ४.६ मीटर असणार. आता भावाचं वरचं बीपी त्या वेळी १२४ होतं असं धरा. १२४ मधून ८४ गेले, उरले ४०. उजव्या कप्प्यात ४० दाब आहे, जिथे एरवी २५-३०च्या आत असायला हवा. म्हणजे फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जातंय, पण तिथल्या रक्तवाहिन्या बहुधा फार कडक झालेल्या नाहीत. म्हणून इकोच्या कागदावर त्या वेळचं बीपी लिहून घ्यायला सांगा, त्याशिवाय ८४ या आकड्याला अर्थ नाही. आणि आवाज मोठा म्हणून घाबरू नका. बारीक फटीतून जोरात जाणारं पाणी जास्त आवाज करतं. पुढे कधी उपचाराविना आवाज कमी झाला आणि धाप वाढली, तर ती चांगली बातमी नाही.

डावा कप्पा ५७ मिमी हा पुरुषाच्या नेहमीच्या मापाच्या वरच्या काठावर आहे. फुप्फुसातून फिरून जास्तीचं रक्त डावीकडेच परत येतं, त्यामुळे ताण डाव्या कप्प्यावर पडतो. पुढच्या इकोत तो ५७ चा ६० झाला तर तेच सांगेल की वाट बघणं पुरे.

आता जे राहिलंय ते. चाकूचं भोक गोल नसतं, ती चीर असते. एका बाजूनं बघितलं तर ९ मिमी, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर १४ किंवा ४. म्हणून अन्ननलिकेतून केलेला इको, ज्याला टीईई म्हणतात, आणि जमल्यास थ्रीडी, यात भोकाची लांबी-रुंदी दोन्ही मोजून घ्या. त्याच वेळी चाकूची रेघ पूर्ण तपासायची: कातडीवरचा व्रण आणि पडद्यातलं भोक यांना जोडणारी सरळ रेषा मनात काढा, ती पुढे वाढवा, आणि त्या रेषेवर जे जे येतं ते सगळं बघायचं. ट्रायकस्पिड झडपेचे दोरे तुटलेत का, मायट्रलच्या पडदीला टोचलंय का, एऑर्टिक झडप गळतेय का, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी, पुढून उतरणारी एलएडी धमनी शाबूत आहे का. एका वेळी दोन जखमा असणं दुर्मिळ नाही, आणि बटन बसवून झाल्यावर झडप गळतेय हे कळणं सगळ्यात वाईट. पहिल्या ऑपरेशनच्या टाक्यात धमनीची फांदी अडकलीय का हेही अँजिओग्राफीत कळतं.

तिसरा आकडा, म्हणजे किती रक्त चुकीच्या वाटेनं जातंय ते, कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदय तपासतात त्या खोलीत मिळतो. वेगवेगळ्या जागचं रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन मोजतात. गणित घरी करून बघण्याइतकं सोपं आहे. समजा वरच्या महाशिरेत ६६ टक्के, खालच्या महाशिरेत ७०. वरच्याचं तीनपट, त्यात खालचं मिळवून चारनं भागा: ६७. हे झालं मिसळलेलं अशुद्ध रक्त. फुप्फुस धमनीत मात्र ८० निघाले, कारण भोकातून शुद्ध रक्त येऊन मिसळलं. धमनीतलं शुद्ध रक्त ९७, फुप्फुसातून परत येणारंही ९७ धरू. ९७ वजा ६७ म्हणजे ३०, ९७ वजा ८० म्हणजे १७. तीसाला सतरानं भागलं की पावणेदोनच्या आसपास येतं. शरीराला एक लिटर रक्त जातं तेव्हा फुप्फुसांना पावणेदोन लिटर. हा आकडा दीडच्या वर असेल आणि कप्पा फुगत असेल किंवा धाप असेल, तर भोक बंद करायचं. इकोवरूनही हा आकडा काढतात, पण तो अंदाज असतो.

मग थांबा कशाला म्हणतात? ताज्या जखमेच्या कडा लोण्यासारख्या असतात. टाका घातला तर कापत जातो, बटन बसवलं तर चीर आणखी फाटू शकते. सहा आठवडे ते तीन महिन्यांत कडांना तंतुमय व्रण येतो, टाका आणि बटन दोन्ही धरतात. भाऊ पाच आठवड्यांवर आहे, म्हणजे काठावर. दुसरे डॉक्टर ‘इतक्यात नको’ म्हणतात ते याचसाठी, चालढकल म्हणून नाही. पण हे थांबणं रुग्ण स्थिर असेपर्यंतच. आडवं झाल्यावर श्वास लागणं, उशा दोनाच्या चार होणं, बसल्या जागी नाडी ११० च्या वर राहणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही आलं की तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी कार्डिॲक सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. औषधांनी आवरत नसेल तर कडा कच्च्या असूनही ऑपरेशन करतात, जोखीम पत्करून.

तोवर घरी काय? रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही न खाता वजन. वही करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मटणामुळे नाही, पाण्यामुळे. साधारणपणे लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, आणि रामिप्रिल किंवा एनालाप्रिल देतात. दुसरी गोळी नुसती बीपीची म्हणून बंद करू नका. शरीराकडे जाणाऱ्या वाटेचा दाब कमी झाला की रक्त योग्य वाटेनं जास्त जातं आणि भोकातून कमी, यासाठी ती आहे. सुरू केल्यावर आठवडाभरानं रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारं) आणि पोटॅशियम तपासा. लोणचं, पापड, शेंगदाण्याच्या चटणीतलं मीठ, फरसाण बंद. ओझं उचलणं बंद. छातीचं हाड जुळायलाच सहा ते आठ आठवडे लागतात.

आणि ताप. या एका गोष्टीत गावाकडे सर्रास चूक होते. ताप आला की दवाखान्यात इंजेक्शन, दोन दिवस अँटिबायोटिक, ताप उतरला, विषय संपला. ज्याच्या हृदयात भोकातून झोत आदळतोय त्याच्या आतल्या अस्तराला जंतू चिकटू शकतात, आणि अर्धवट अँटिबायोटिकनं ते मरत नाहीत, फक्त तपासणीत सापडेनासे होतात. म्हणून ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप टिकला तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ही तपासणी, वेगवेगळ्या शिरांतून तीन वेळा. डॉक्टरांना आधीच सांगा, ‘हृदयाला भोक आहे, आधी कल्चर घ्या.’ पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि छातीत दुखणं हे हृदयाच्या आवरणाच्या सुजेमुळेही असतं. त्यात आवरणात पाणी साठून धाप लागते. तेही इकोतच कळतं, म्हणून धाप म्हणजे भोकच असं धरून बसू नका.

आता बटन. मधल्या स्नायूमय पडद्यातलं भोक ही बटनासाठी त्यातल्या त्यात चांगली जागा, कारण झडपा लांब असतात. भोकाच्या काठापासून झडपांपर्यंत निदान ४ मिमी तरी मोकळी जागा लागते. बटन म्हणजे नायटिनॉल या मिश्रधातूच्या बारीक तारेची जाळी. दोन चकत्या, मध्ये कंबर. नेहमीच्या मस्क्युलर व्हीएसडी बटनाची कंबर ४ ते १८ मिमी रुंदीची मिळते, लांबी ७ मिमी, आणि मोठ्या मापात चकती कंबरेपेक्षा ८ मिमी मोठी, म्हणजे १२ च्या बटनाची चकती २०. भोकाच्या मापापेक्षा कंबर एक-दोन मिमी जास्त घेतात, चिरेसाठी थोडी अधिक. दोन्ही मापं का हवीत ते इथे लक्षात येईल: ९ बघून १० चं बटन घेतलं आणि चीर खरी १४ ची निघाली, तर ते सुटून फुप्फुस धमनीत जाऊ शकतं.

प्रत्यक्षात मांडीच्या धमनीतून तार डाव्या कप्प्यात नेतात, भोकातून उजवीकडे काढतात, आणि मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून आलेल्या फासानं तिचं टोक पकडून बाहेर ओढतात. तारेचा एक अखंड फेरा तयार होतो. त्यावरून शिरेच्या बाजूनं नळी भोकापार जाते. आधी डावी चकती उघडून पडद्याला टेकवतात, मग कंबर, मग उजवी चकती. टीईईवर झडपा मोकळ्या आहेत, गळती थांबली आहे, ईसीजी बिघडलेला नाही, एवढं बघूनच बटन तारेपासून फिरवून सोडतात. सोडण्याआधी ते परत आत घेता येतं, सोडल्यावर ते सोपं राहत नाही. जाळीतून थोडं धुरासारखं झिरपणं पहिले काही तास दिसतं, ते चालतं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग बघा. कोऱ्या चहासारखी झाली तर उरलेल्या फटीतून झोतानं रक्तपेशी फुटताहेत, लगेच कळवा. भावाला खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्यानं पुरळ उठत असेल तर ते आधी सांगा, नायटिनॉलमध्ये निकेल असतं.

छाती उघडावी लागते ती कधी? भोक झडपेला लागून असेल, चीर लांब किंवा एकापेक्षा जास्त असतील, झडपही दुरुस्त करायची असेल, किंवा जंतुसंसर्ग असेल तर. तेव्हा बटनाचा हट्ट नको. दुसऱ्यांदा हाड कापताना खरी भीती भोकाची नसून चिकटण्याची असते. उजवा कप्पा, तोही जिथे शिवलाय तिथेच, हाडाच्या मागच्या बाजूला चिकटलेला असू शकतो आणि करवत त्यातच जाऊ शकते. म्हणून आधी सीटी काढून अंतर बघतात, मांडीच्या रक्तवाहिन्या मशीनसाठी तयार ठेवतात, रक्ताच्या पिशव्या खोलीत आणून ठेवतात. हे तिन्ही होणार का, हे सर्जनना विचारायला संकोच करू नका. चांगल्या सर्जनना हा प्रश्न आवडतो. पुढे उजवा वरचा कप्पा उघडून ट्रायकस्पिड झडपेतून पडद्याकडे जातात, किंवा जुन्याच शिवणीतून. उजव्या बाजूनं पडद्यावर स्नायूच्या दोऱ्यांचं जाळं असतं, त्यात एक भोक चार भोकांसारखं दिसतं. त्यातलं एक सुटलं की गळती उरते, त्यामुळे हृदय सुरू झाल्यावर तिथल्या तिथे टीईई हवाच. भोकावर शिवायचं ठिगळ डेक्रॉन किंवा गोरटेक्स या कृत्रिम साहित्याचं किंवा हृदयावरणाचं, भोकापेक्षा चांगलं ऐसपैस, आणि टाक्यांखाली छोट्या गाद्या, म्हणजे टाका स्नायू कापत नाही. मधल्या पडद्यातल्या भोकापासून हृदयाचे ठोके चालवणारी विजेची मुख्य तार लांब असते, त्यामुळे पेसमेकर लागण्याची भीती वरच्या, झडपेजवळच्या भोकापेक्षा कमी.

दोन्हीपैकी काहीही झालं तरी त्याआधी दात दाखवून घ्या. किडलेला काढायचा तर आधीच काढा. गुटखा-तंबाखू असेल तर ते वेगळं सांगायला नको. नंतर सहा महिने दाताचं कुठलंही रक्त येणारं काम करण्यापूर्वी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. ठिगळाच्या किंवा बटनाच्या कडेनं गळती उरली असेल तर हे सहा महिन्यांवर थांबत नाही. बटनानंतर साधारण सहा महिने ॲस्पिरिन असतं, काही डॉक्टर सुरुवातीला क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळीही जोडतात. मध्येच बंद करू नका. इको दुसऱ्या दिवशी, मग महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं. बटनाचं कार्ड पाकिटात ठेवायचं. एमआरआय करायची वेळ आली तर ते दाखवलं की पुरतं.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते अंगीकृत रुग्णालयातच, आणि पूर्वपरवानगी घेऊनच. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशन कार्ड, आधार आणि इको दाखवून विचारा: बटनाचं पॅकेज आहे का, की फक्त ऑपरेशनचं, आणि पहिल्या ऑपरेशनला किती रक्कम वापरली गेली. भरती झाल्यावर हे विचारलं तर उशीर होतो.

मारहाणीची केस आहे, म्हणजे एमएलसी, रुग्णालयानं पोलिसांसाठी केलेली नोंद, झालेली असणार. पहिलं दुखापत प्रमाणपत्र लिहिलं तेव्हा हे भोक माहीत नव्हतं. नवा इको रिपोर्ट तपास अधिकाऱ्याला लेखी देऊन पोच घ्या, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाईसाठी अर्ज करता येतो का ते विचारा.

पुढच्या डॉक्टरकडे जाताना डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पहिल्या रुग्णालयातून ऑपरेशन नोटची प्रत मागा. टाका नेमका कुठे घातला, कुठली धमनी जवळ होती, किती रक्त दिलं, हे त्यातच असतं आणि दुसऱ्या सर्जनना तेच हवं असतं. इकोचाही नुसता कागद नको, सीडी घ्या, आणि रिसेप्शनवर लावून ती उघडते का ते तिथेच बघून निघा.